लेकराचे झटके अंगावर काढू नका

मेंदूच्या पक्षाघाताचं लेकरू कडेवर घेऊन तुम्ही तपासायला येता, तेव्हा बोलणं सुरू होतं ते पायांपासून. दोन वर्षांचा झाला तरी पाय टेकवत नाही. पायांची कैची होते. मान धरत नाही. घर मुखेडचं असो, किनवटचं असो, निलंग्याचं असो की देवणीचं, गाऱ्हाणं हेच. झटक्यांचं नाव कुणी काढत नाही. मी विचारते, "फिट येते का?" उत्तर येतं, "नाही." मग मी वेगळ्या तऱ्हेनं विचारते. झोपून उठल्यावर लेकरू एकदम मान खाली टाकून दोन्ही हात फेकतं का? एकामागून एक, असं बऱ्याचदा? हाक मारली तरी कुठंतरी एकटक बघत राहतं का? एकाच बाजूचा हात किंवा ओठ फडफडतो का? तेव्हा मागं बसलेली आजी बोलते, "तसं तर करतंय की. लई दिवस झाले. आम्हाला वाटलं पोटात कळ येते."

आज तुमच्याशी बोलायचंय ते याच झटक्यांबद्दल. मेंदूचा पक्षाघात, ज्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी किंवा नुसतंच सीपी म्हणतात, आणि फिट ही पुष्कळदा जोडीनं येणारी दुखणी आहेत. पहिल्यात मेंदूला झालेली इजा आपल्याला पुसता येत नाही. दुसरं मात्र अनेक लेकरांत औषधानं थांबतं, नाही थांबलं तर बरंच कमी होतं. तरीही पायांसाठी आई-बाप हैदराबाद, सोलापूर, पुणे पालथं घालतात आणि झटके वर्षानुवर्षं अंगावर काढतात. मला हे बघवत नाही.

आधी सीपी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण अर्धी भीती न समजल्यामुळे असते. बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतर थोड्या काळात, मेंदू घडत असतानाच, त्याच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाला इजा होते. इजा एकदाच होते, ती पुढे पसरत नाही. मग लेकराचे पाय वर्षागणिक जास्त ताठ का होतात? भाजल्याचा व्रण आठवा. व्रण वाढत नाही, पण अंग वाढतं तसा तो ओढला जातो. तसंच इथं होतं. हाडं वाढतात, ताठ स्नायू त्यांच्या वेगानं वाढत नाहीत, आणि सांधे आखडतात. व्यायाम, पट्ट्या, बूट हे सगळं त्या आखडण्यासाठी. मात्र लेकरू जे शिकलं होतं तेच विसरत चाललं असेल, आधी बसत होतं आणि आता बसत नसेल, तर त्याला नुसतं सीपी म्हणून सोडून देऊ नका. एक तर झटके वाढलेत, नाही तर दुखणं वेगळंच आहे. दोन्ही शोधावं लागतं.

हे दुखणं नवं नाही, आपल्या गावाचं नाही, आपल्या घराण्याचं तर नाहीच. लंडनच्या विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये डॉक्टरांच्या सभेत सांगितलं की वेळेआधी जन्मलेली, जन्मताना गुदमरलेली बाळं पुढे अशी ताठ होतात. श्रीमंत देशांत आज दर हजार जन्मांमागे दीड-दोन मुलांना सीपी असतो. आपल्या देशातल्या वेगवेगळ्या पाहण्या एकत्र केल्या तर आकडा हजारी तीनच्या जवळ जातो. आता आपल्या दोन जिल्ह्यांचा अंदाज बांधू. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार होती, लातूरची २४ लाख ५४ हजार. महाराष्ट्राचा जन्मदर धरला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला ऐंशी-नव्वद हजार बाळं जन्मतात. हजारी दोन धरा किंवा तीन धरा, दरवर्षी दोनशेच्या आसपास नवी लेकरं या दुखण्याची. त्यांतल्या दर तिघांमागे एकाला, काही पाहण्यांत तर दर दोघांमागे एकाला, कधी ना कधी फिट येते. म्हणजे तुमच्या तालुक्यात, कदाचित पलीकडच्याच गावात, तुमच्यासारखीच एक आई रात्री जागी आहे. घराबाहेर लेकराला काढायची लाज वाटते, म्हणून तुम्ही एकमेकींना दिसत नाही एवढंच.

'का झालं' हा प्रश्न तुम्ही मला विचारता, पण खरं तर तो प्रत्येक आई स्वतःलाच विचारत असते. ग्रहणात बाहेर निघाले म्हणून? सातव्या महिन्यात पाण्याची घागर उचलली म्हणून? नाही हो. यातल्या कशानंही मेंदूला इजा होत नाही. सासरी कुणी तसं म्हणत असेल तर त्यांना घेऊन या, मी समोर बसवून सांगेन.

आपल्याकडे जी कारणं जास्त दिसतात ती अशी. बाळ दिवस भरूनही जन्मल्यावर रडलं नाही, श्वास घ्यायला वेळ लागला. बाळ सातव्या-आठव्या महिन्यातच झालं, वजन दीड किलोच्या आत, पेटीत ठेवावं लागलं. पहिल्या आठवड्यात कावीळ फार वाढली. मेंदूज्वर झाला. आणि एक कारण असं, ज्याकडे घरच्यांचं लक्षच जात नाही: रक्तातली साखर उतरली. पहिला चीक पिळून टाकायचा, दोन दिवस मध-गूळपाणी चाटवायचं, दूध उतरलं नाही म्हणून थांबायचं, यात छोट्या वजनाच्या बाळाची साखर इतकी खाली जाते की मेंदूच्या मागच्या भागाला कायमची इजा होते. अशा लेकरांची नजर कच्ची राहते, आणि झटके बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच सुरू होतात. घरात दुसरी कुणी गरोदर असेल तर तिला एवढं नक्की सांगा की चीक हेच बाळाचं पहिलं औषध. आणि पहिल्याच दिवशी बाळ पिवळं दिसलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत उतरला, तर कोवळ्या उन्हात धरून बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. निळ्या दिव्याखाली काही दिवस ठेवलं तर जे टळतं, ते एकदा झालं की जन्मभर राहतं.

काही वडील आत कुठंतरी हे घेऊन बसलेले असतात की मोठ्या शहरात नेलं असतं, मशीन असतं, तर वाचलं असतं. न रडलेल्या बाळाचं अंग तीन दिवस थंड ठेवायचा एक उपचार श्रीमंत देशांत चालतो, त्याबद्दल कुणीतरी मोबाईलवर वाचलेलं असतं. त्यांच्यासाठी सांगते. हाच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर पारखून बघितला गेला, त्याचे निकाल २०२१ मध्ये आले. आपल्याकडच्या बाळांना त्याचा फायदा झाला नाही, उलट थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले. इथल्या पुष्कळ बाळांच्या मेंदूची इजा कळा सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असावी, असा त्या डॉक्टरांचा तर्क आहे. तेव्हा जे मशीन नव्हतं त्याचं ओझं वाहू नका.

नात्यातल्या लग्नाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. मामाची मुलगी करायची, कुठं कुठं भाचीशीच लग्न लावायचं, ही रीत आपल्या मराठवाड्यात अजून आहे. नात्यातलं लग्न झालं म्हणजे लेकराला सीपी होतोच असं नाही. पण जन्माची हकीकत सगळी चांगली असताना लेकरू सीपीसारखं दिसत असेल, किंवा दुसऱ्या लेकराचंही तेच झालं असेल, तर ते आनुवंशिक दुखणं असू शकतं, आणि त्यातली काही औषधाला दाद देतात. अशा वेळी लपवू नका. तुमचं नातं काय ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. तिसऱ्या लेकराचा विचार करण्याआधी ही तपासणी झालेली बरी.

आता झटके.

फिट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं एकच चित्र येतं: माणूस खाली पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. लेकरांत, त्यातही सीपीच्या लेकरांत, फिट बरेचदा अशी नसतेच. एका बाजूचा पक्षाघात असलेल्या लेकराला कमजोर बाजूच्या हाताला बारीक थरथर सुटते आणि ती चेहऱ्यापर्यंत चढते. एखादं लेकरू अर्धं मिनिट गोठल्यासारखं होतं, ओठ चाटतं, मग रडतं. चारही हातपाय ताठ असलेल्या लेकरांत झटके सगळ्यांत जास्त, आणि बऱ्याचदा दोन वर्षांच्या आत सुरू होतात. दोन्ही पायच ताठ आणि हात बरे, अशा लेकरांत त्या मानानं कमी. जन्मल्यानंतर पहिल्या आठवड्यात ज्यांना फिट आली होती, त्यांच्यावर तर विशेष लक्ष ठेवायचं.

या सगळ्यांत मला ज्या झटक्यांची सर्वांत जास्त धास्ती वाटते, ते दिसायला सर्वांत साधे आहेत. वय तीन-चार महिने ते वर्षभर. झोपून उठलं की बाळ एकदम पुढं वाकतं, मान खाली, हात वर किंवा बाजूला. क्षणभर. मग मोकळं. काही सेकंदांनी पुन्हा. असे दहा, वीस, तीस झटके ओळीनं, आणि शेवटी बाळ किरकिरतं. घरात म्हणतात दचकतंय, पोट दुखतंय, दात येतायत. याच काळात बाळ हसायचं बंद होतं, आईकडं बघायचं बंद होतं. हे झटके प्रथम लिहून ठेवले ते एका बापानं. विल्यम जेम्स वेस्ट हे इंग्लंडमधले डॉक्टर, पण १८४१ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेला जे पत्र लिहिलं ते स्वतःच्या लेकराबद्दल होतं. माझ्या बाळाची मान अशी वारंवार खाली जाते, कुणाला काही माहीत असेल तर सांगा, अशी त्यांची विनंती होती. त्या काळी उत्तर कुणाकडेच नव्हतं. आज या दुखण्याला त्यांचंच नाव आहे, वेस्ट सिंड्रोम, आणि आज त्यावर औषध आहे. संप्रेरकाची इंजेक्शनं, नाही तर स्टिरॉइडच्या गोळ्या, नाही तर व्हिगाबॅट्रिन. ते दिवसांच्या हिशेबानं सुरू करावं लागतं. आपल्याकडे महिने जातात. जेवढे दिवस हे झटके चालू राहतील तेवढं लेकराचं शिकणं मागं पडतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून असं काही दिसलं तर पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. उद्या सकाळी निघा.

आणि निघण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ काढा. चेहरा दिसू द्या, दोन्ही हात-पाय दिसू द्या, अंगावरचं पांघरूण बाजूला करा, उजेड असू द्या. डॉक्टरांसमोर लेकरू झटका देईलच असं नाही, पण तुमच्या मोबाईलमधलं एक मिनिट मला अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतं. ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढायला सांगितला तर घाबरू नका. त्यात शॉक देत नाहीत, नुसत्या तारा डोक्याला चिकटवून मेंदूतल्या लहरी टिपतात. दुखत नाही. वेस्टच्या झटक्यांत झोपेतला आलेख महत्त्वाचा, म्हणून लेकराला आदल्या रात्री उशिरा झोपवून आणायला सांगतात.

मोठी फिट आली तर घरात काय होतं, ते मला माहीत आहे. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल, कुणी दातात चमचा घालतं, कुणी छातीवर बसून हात दाबतं. चमच्यानं दात तुटतो, पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जातं. काही करू नका म्हटलं तर आईला ते जमत नाही, म्हणून काय करायचं तेच सांगते. लेकराला जमिनीवर किंवा गादीवर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. गळ्याजवळची बटणं सैल करा. घड्याळ बघा. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांच्या पुढं गेला, किंवा एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरा आला, तर १०८ ला फोन लावा. ज्या लेकराला लांबलचक फिट येते, त्याच्या घरी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा असायलाच हवा. किती वेळा मारायचा ते लेकराच्या वजनावर ठरतं. डॉक्टरांकडून लिहून घ्या, कसा मारायचा ते दवाखान्यातच करून बघा, आणि बाटलीवरची मुदत तपासत राहा. माहूरच्या डोंगरातून किंवा किनवटच्या तांड्यावरून नांदेडला यायला जो वेळ लागतो, त्या वेळात हा फवारा मेंदू वाचवतो. शाळेच्या दप्तरात, मामाच्या गावाला जाताना पिशवीत, सगळीकडं तो बरोबर हवा.

औषधांचं बोलते, कारण खरी लढाई तिथं हरली जाते. तुम्ही म्हणता, गोळ्यांनी लेकरू मंद होतं, झोपाळू होतं. काही औषधांनी सुरुवातीला झोप येते, हे खरं आहे. काहींनी चिडचिड वाढते. ते सांगा, आम्ही डोस बदलू, औषध बदलू. पण रोजचे झटके लेकराला जेवढं मागं नेतात तेवढं नीट दिलेलं औषध नेत नाही. आणि अचानक बंद केलेलं औषध तर सर्वांत वाईट. दोन दिवस बाटली संपली, तिसऱ्या दिवशी लेकरू न थांबणाऱ्या झटक्यात दवाखान्यात, हे पुन्हा पुन्हा घडतं.

यात तुमचा दोष किती आणि परिस्थितीचा किती, हे मला कळतं. दिवाळीच्या सुमाराला मुखेड, कंधार, लोह्याकडची घरं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, लेकरू टोळीबरोबर जातं, आणि औषध लिहून देणारा डॉक्टर इथं राहतो. काही घरं हैदराबादला, निजामाबादला बांधकामावर जातात. म्हणून निघण्याच्या पंधरा दिवस आधी भेटा. जेवढे महिने बाहेर राहणार तेवढ्याचं औषध बरोबर घ्या. चिठ्ठीचा फोटो नवरा-बायको दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे परमुलखातल्या दुकानदाराला दाखवता येईल. त्याच नावाचं औषध मिळालं तरी बाटलीवरची ताकद बघा, एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते. चहाच्या चमच्यानं मोजू नका, बिनसुईची सिरिंज वापरा. आणि बाटली हलवून घ्या, नाही तर औषध तळाशी बसतं आणि पहिल्या आठवड्यात पाणीच पोटात जातं.

झटके थांबले म्हणून औषध तुम्ही थांबवायचं नाही. साधारण दोन वर्षं झटक्याविना गेली की आम्ही विचार करतो, आणि तेही हळूहळू, काही महिने घेऊन. सीपीच्या लेकरांत औषध काढल्यावर झटके परत येण्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे इतरांपेक्षा जास्त. काहींना पुष्कळ वर्षं औषध लागतं. ते हरणं नाही. रक्तदाबाची गोळी आजोबा रोज घेतातच ना.

नवसाबद्दल तुम्ही माझ्यासमोर बोलत नाही, पण लेकराच्या गळ्यातला ताईत मला दिसतो. माळेगावच्या खंडोबाला जा, माहूरच्या रेणुकामातेला ओटी भरा, दर्ग्यावर चादर चढवा. आई-बापाच्या मनाला आधार लागतो, आणि तो मी कशाला काढून घेऊ? फक्त यात्रेत रात्रभर जागरण लेकराला घडवू नका, कारण झोप मोडली की झटका येतो. उपास घडवू नका. जाताना औषधाची बाटली न्या. आणि कुणी भगत म्हणाला की गोळ्या बंद कर, मग गुण येईल, तर त्याच क्षणी उठून निघा. तसंच एखादा शहरी दवाखाना मूळपेशी टोचून लेकरू चालवून दाखवतो म्हणाला आणि लाखांचा आकडा सांगितला, तर तिथूनही निघा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं सीपीसाठी मूळपेशींना उपचार म्हणून मान्यता दिलेली नाही. शेत विकून आलेला बाप मी बघितला आहे, आणि त्याला पुढच्या महिन्याच्या सिरपचे पैसे उरले नव्हते.

जायचं कुठं, हे आता विचाराल. अंगणवाडीत आणि शाळेत जी आरोग्य पथकं येतात ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. तो २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. पथक आलं की लेकराला घरात झोपवून ठेवू नका, दाखवा. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. आणि लातूरजवळ हरंगुळला 'संवेदना' हे खास सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीचं केंद्र आहे, जनकल्याण समितीनं चालवलेलं. ज्यांनी कधी अशी शाळा बघितली नाही त्यांनी एकदा तरी तिथं जाऊन यावं. आपल्या लेकरासारखी लेकरं खुर्चीत बसून शिकतायत, खातायत, हसतायत, हे डोळ्यांनी बघितलं की घरी परतलेले आई-बाप वेगळे असतात. मला जे तासभर बोलून जमत नाही ते त्या एका भेटीत होतं.

लवकर येणं किती लवकर? तीन-चार महिन्यांत मान धरायला हवी. त्यानंतरही मुठी घट्ट मिटलेल्या राहत असतील, आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, तर या. डावरा आहे म्हणून कौतुक करू नका, इतक्या लहान वयात दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघावं लागतं. न रडलेल्या किंवा पेटीत राहिलेल्या बाळाला तर लक्षणांची वाट न बघता दाखवत राहायचं. जाणकार माणसाला पाच-सहा महिन्यांतच सीपीची शंका पक्की करता येते. 'आमच्या घरात सगळेच उशिरा चालले' हे आजीचं वाक्य प्रेमातून येतं, पण त्यात लेकराचं एक वर्ष जातं.

घरातलं एक-दोन. भरवताना लेकराला मांडीवर आडवं घेऊन तोंडात ओतू नका. पाठ सरळ, मान किंचित पुढं, छोटे घास. आडवं भरवल्यानं अन्न श्वासनळीत जातं, खोकला, न्यूमोनिया, मग ताप, आणि तापात झटका. शौचाला खडा होऊ देऊ नका. दात घासा. डोळे आणि कान एकदा नीट तपासून घ्या, कारण ज्याला आपण समज नाही म्हणतो त्या लेकराला कधी कधी नीट दिसत नसतं किंवा ऐकू येत नसतं. लस मात्र चुकवू नका. फिट येते म्हणून लसच नको, असं परस्पर ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

कागदपत्रांचा कंटाळा येतो, तरी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव स्वतंत्र आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढा. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि दवाखान्यात भरती न होता केलेल्या उपचारांचा, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आपल्या भागात फार थोड्या घरांनी तो काढलेला दिसतो.

शाळेचा मास्तर म्हणाला, फिट येणारं पोरगं नको, जबाबदारी कोण घेणार, तर भांडू नका, आधी त्याला शिकवा. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, फवारा कसा मारायचा. माझ्याकडून चिठ्ठी न्या. मास्तरांनाही भीतीच असते. तरीही नाही म्हणाला, तर कायदा तुमच्या बाजूनं आहे, तेव्हा पंचायत समितीत समावेशित शिक्षणाचं काम बघणाऱ्या साधनव्यक्तीला भेटा. बुद्धी आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईच्या मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब हिला, जन्मापासून सीपी. तिला घेणारी शाळा नव्हती म्हणून आईनं १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली. मालिनीनं पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटानं टाइप करत स्वतःचं पुस्तक लिहिलं. प्रत्येक लेकरू तिथं पोचणार नाही, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण बोलता येत नाही म्हणून कळत नाही, असं घरात कुणी लेकरासमोर म्हणू नये. पुष्कळदा त्याला सगळं कळत असतं.

बाबांनो, तुमच्याशी वेगळं बोलायचंय. दवाखान्यात लेकरू आईच्या कडेवर, औषधाचा हिशेब आईच्या डोक्यात, रात्रीचं जागरण आईचं, आणि टोमणेही आईलाच. तिची कंबर गेलीय, ती स्वतःच्या दुखण्याला वेळ देत नाही. दहा-बारा किलोचं ताठ लेकरू दिवसातून वीस वेळा उचलणं सोपं नाही. व्यायामाची एक वेळ तुमची असू द्या. रात्रीचा डोस तुमचा असू द्या. आणि शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, झटका कसा होता, किती वेळ टिकला, त्या दिवशी ताप होता का, डोस चुकला होता का, एवढंच. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मोठ्या लेकीकडून लिहून घ्या, तिलाही मग भावाची भीती राहत नाही. पुढच्या भेटीला येताना ती वही, मोबाईलमधला व्हिडिओ आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या तिन्ही घेऊन या. सोमवारी गर्दी फार असते. लांबून येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, तुम्हाला परतीची एसटी मिळेल अशा वेळी बोलावून घेऊ.